बोली कोणाला बांधते?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या परतल्या की मालाचा लिलाव पुकारला जातो. त्या मालाशी जैन घराण्यांना कर्तव्य नाही. लिलावाची रीत मात्र प्रत्येक व्यापाऱ्याच्या परिचयाची आहे. एकाने भाव बोलला म्हणून दुसऱ्याने तो चढवावा अशी सक्ती नसते. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे तर विक्री पुकारून पक्की होईपर्यंत बोलणाऱ्यास आपली बोली परतही घेता येते. ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा आरंभही लिलावानेच होतो. परंतु तेथील बोलीचा धर्म निराळा. विचार बदलला म्हणून ती मागे घेता येत नाही, आणि काही बोली तर समोर बसलेल्या भिडूला पुन्हा बोलावयास भाग पाडतात.

पत्त्यांचे नाव निघताच सप्तव्यसनांतील द्यूताची आठवण होणे स्वाभाविक आहे. द्यूताचा प्राण पणाला लावलेल्या धनात असतो. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तेच पत्ते अनेक टेबलांवर खेळवून कोणत्या जोडीने त्यांचे अधिक चीज केले हे पाहतात. त्यासाठी पैसा लावण्याची गरजच नसते. चार खेळाडू, दोन जोड्या, प्रत्येकाकडे तेरा पाने. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 आणि गुलामाचा 1 असे गुण मोजून प्रत्येक जण आपले बळ ठरवतो. भिडूचे पान दिसत नाही. त्याच्याशी बोलण्याची भाषा एकच, ती म्हणजे बोली. ज्या बोलीनंतर भिडूला ‘पास’ म्हणून थांबण्याची मोकळीक नसते, तिला फोर्सिंग बोली म्हणतात.

विरुद्ध पक्ष गप्प असेल तर हे ओळखणे फारसे अवघड नसते. तोही बोलू लागला की घोटाळा सुरू होतो. समजा, एका भिडूने 1 चौकट म्हटले, विरुद्ध पक्षाने 2 किलवर म्हटले आणि दुसऱ्या भिडूने 2 बदाम सांगितले. रूढ पद्धतीत ही बोली फोर्सिंग आहे: तिच्यामागे पाच बदाम आणि साधारण दहा किंवा अधिक गुण असतात, म्हणून पहिल्याने पुन्हा बोललेच पाहिजे. परंतु काही जोड्या हीच बोली दुबळ्या हातासाठी राखतात आणि बळकट हाताने आधी ‘डबल’ म्हणतात. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. मात्र एका भिडूच्या मनात पहिली आणि दुसऱ्याच्या मनात दुसरी असेल, तर तेरा गुणांचा धनी उत्तराची वाट पाहत राहतो, भिडू पास म्हणतो आणि हाती आलेला मोठा करार निसटतो.

काही बोलींचा अर्थ तर्कानेच उलगडतो. विरुद्ध पक्षाने सांगितलेलाच रंग जेव्हा भिडू सांगतो, तेव्हा त्याला तो रंग हुकूम करावयाचा नसतो. 1 बदाम, 2 किलवर, 3 किलवर या क्रमातील शेवटची बोली सहसा बदामांना भक्कम पाठिंबा कळवते. तेथे पास म्हणणे म्हणजे विरुद्ध पक्षाच्या रंगात खेळण्याची आपत्ती ओढवून घेणे होय.

सर्वांत कठीण प्रश्न मौनाचा आहे. पहिल्या भिडूने 1 बदाम, विरुद्ध पक्षाने 1 इस्पिक आणि दुसऱ्या भिडूने एकदम 4 बदाम म्हटले, त्यावर विरुद्ध पक्ष 4 इस्पिकांवर गेला. 4 बदामांची उडी थोड्या गुणांवर, केवळ बदामांच्या संख्येवरही मारलेली असू शकते. म्हणून पहिल्याचा पास हा साधा पास ठरतो. याउलट दुसऱ्याने आधी 2 इस्पिक म्हणून बदामांचा पाठिंबा आणि बळ दोन्ही कळवले असेल, पहिल्याने ते ऐकून 4 बदाम म्हटले असेल आणि विरुद्ध पक्ष नुकसान पत्करून 4 इस्पिकांवर गेला असेल, तर अनेक जोड्यांत दुसऱ्या भिडूचा पास निराळे सांगतो: डाव आपला आहे, डबल करावे की 5 बदामांवर जावे, हे तू ठरव. शब्द एकच, अर्थ दोन.

कोणती बोली फोर्सिंग, हे खेळाचे नियम ठरवत नाहीत. ते भिडूंनी आपसांत ठरवावयाचे असते. नियमांचा आग्रह एवढाच की ठरलेले गुप्त राहू नये. स्पर्धेत जोडीची पद्धत कार्डावर लिहिलेली असते, आणि विरुद्ध पक्षाने विचारल्यास बोलीचा अर्थ सांगावा लागतो. आवाजाचा चढउतार वा हेतुपुरस्सर केलेला विलंब यांतून भिडूला खूण करणे निषिद्ध आहे. कोकणच्या आंब्याच्या व्यापारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत परिचित आहे. ब्रिजच्या टेबलावर असा रुमाल चालत नाही.

2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथे पुरुष जोडीचे सुवर्णपदक प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने मिळवले. मुंबईचे जग्गी शिवदासानी पुरुष संघातून आणि हेमा देवरा मिश्र संघातून कांस्यपदकाचे मानकरी ठरले. अशा पातळीवर जोडीतील एकमत हे केवळ पत्त्यांच्या बळाइतकेच मोलाचे असते.

पेढीवरही हाच प्रश्न उभा राहतो. 1932 च्या भागीदारी कायद्याने भागीदारांवर परस्परांशी प्रामाणिक राहण्याचे आणि पेढीसंबंधी पूर्ण माहिती देण्याचे बंधन घातले आहे. तरीही उधारीचा मोठा सौदा समोर आला असता एक भाऊ गप्प राहतो; दुसरा ती संमती समजतो, आणि पहिल्याच्या मनात मात्र ‘तू पुन्हा विचार कर’ असे असते. रक्कम बुडाल्यावर दोघेही खरे बोलत असतात, आणि तरीही घरातील बोलणे बंद होते. म्हणून किती रकमेपुढे एकाने दुसऱ्यास विचारलेच पाहिजे, कोणत्या निरोपाला उत्तर दिलेच पाहिजे आणि गप्प राहण्याचा अर्थ काय धरावयाचा, या तीन गोष्टी सौदा समोर येण्यापूर्वी, दोघांचेही मन शांत असताना, वहीत लिहून ठेवणे हिताचे आहे.