पंचाहत्तर वर्षांचं पार्किंग

शिकागोत १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे ३ ते ७, तब्बल १०७ मैल मुख्य रस्त्यांवर गाडी लावायची नाही. बर्फ पडो न पडो, लावलीत की उचललीच! लोक वैतागतात. मला विचाराल तर हा नियम परवडला; नाही पटला तर नगरसेवकाला धरा, बदलता येतो.

खरा घोळ २००८ चा. शहराने पार्किंगचे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी खाजगी कंपनीला देऊन टाकले, १.१५ अब्ज डॉलरला. कौन्सिलची मंजुरी काही दिवसांत! आता बससाठी लेन करताना मीटर काढले, की कंपनीला भरपाई. आपण चुकलेला कोड रोलबॅक करतो; इथे ७५ वर्षं थांबा.

असो. महापालिकांनी चुका जरूर कराव्यात, पण दुरुस्त करता येतील अशाच.