आमच्या तोंडातलं कीटण

आपल्या वस्तीत दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा. एवढीच त्याची ओळख. गाल टम्म सुजतो, माणूस रात्रभर भिंतीला टेकून बसतो, लवंग दाबून होते, तंबाखूचा बार दाबून होतो, मेडिकलवाल्याकडनं गोळी आणून होते, आणि सगळं हरल्यावर कामावर खाडा करून तो दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो. डॉक्टर विचारतो, ठेवायचा की काढायचा? ठेवायचा तर हजारांत, काढायचा तर शेकड्यांत. हा म्हणतो, काढा साहेब. खेळ खलास.

माझ्या आईचे असेच गेले. ती मिशरी लावायची. तव्यावर भाजलेली तंबाखू, चुरून डबीत भरलेली, सकाळी उठल्या उठल्या बोटावर घेऊन घासायची. दाताला चांगली, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. पन्नाशी उलटायच्या आत तिच्या तोंडात चार दात उरले. बाकीचे कीड लागून गेले नाहीत. धडधाकट दात होते. नुसते हलायला लागले आणि एकेक करून गेले. शेवटचा काढला त्या दिवशी डॉक्टर हात धुता धुता बोलून गेला, "बाई, मिशरी सोडून वेळच्या वेळी दात साफ करून घेतले असते तर बरेच वाचले असते." उभ्या आयुष्यात हे वाक्य तिला पहिल्यांदा ऐकायला मिळालं, तेही शेवटचा दात ट्रेमध्ये पडल्यावर. माझा सगळा राग त्या उशिरा आलेल्या वाक्यावर आहे. ते आपल्यापर्यंत वेळेवर का येत नाही?

म्हणून आधी मामला समजून घ्या. दातावर जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो ब्रशनं निघतो. जिथं ब्रश पोचत नाही तिथं तो राहतो, थुंकीतला चुना त्यात मुरतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा दगड होतो. हेच कीटण. आधी पिवळं, मग चहा-तंबाखूनं काळं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवा, खरखरीत लागलं तर समजा ते तिथं मुक्काम ठोकून बसलंय. मग तुम्ही ब्रश मारा, मीठ चोळा, राखुंडी लावा नाहीतर लिंबाची काडी चावा, ते हलत नाही. ते अवजारानंच काढावं लागतं. त्याला स्केलिंग म्हणतात. मशीनचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, वरून पाणी उडतं, कीटण सुटून येतं.

नाही काढलं तर ते हिरडीच्या खाली उतरतं. हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येतं. इथपर्यंत गाडी मागं फिरवता येते. साफ केलं, नीट घासायला लागलात, की हिरडी पुन्हा घट्ट होते. पण तसंच ठेवलं तर पुढं काही जणांचं दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. ते हाड आपोआप परत भरून येत नाही. आणि सगळ्यात हरामखोर गोष्ट ही, की हे सगळं चालू असताना बहुतेक वेळा दुखत नाही. आपण दुखल्याशिवाय डॉक्टरचं तोंड न बघणारी माणसं. असा मुका रोग आपल्याला गाठणार नाही तर कुणाला गाठणार?

वस्तीत एक बोलवा आहे, दात साफ केले की हलायला लागतात, फटी पडतात. खोटं आहे. ती फट आधीच होती, तिच्यात कीटण भरलं होतं. हलणारे दात त्या दगडानं एकमेकांना बांधून ठेवले होते. दगड काढला आणि खरी परिस्थिती दिसली. थोडे दिवस गार पाणी झोंबतं, मग थांबतं. जे आधीच ढासळलंय ते झाकणाऱ्या गोष्टीला आधार समजायची सवय आपल्याला फक्त दातांच्याच बाबतीत आहे का, ते ज्याचं त्यानं बघावं.

आता कुणीतरी पोरगा उसळून म्हणेल, साला चळवळीच्या पानावर हा दात घासायला काय शिकवतोय? स्वच्छतेचा उपदेश आपल्याला नवा नाही. ज्यांनी आपल्याला घाणेरडे म्हटलं त्यांची गटारं आपल्याच लोकांनी उपसली. गटारात उतरणारा भाऊ तोंडात तंबाखू धरतो तो काय शौक म्हणून? त्या वासात माणसानं उभं कसं राहायचं? सगळ्या शहराची सफाई त्याच्या गळ्यात, आणि त्याच्या तोंडातलं कीटण काढायला मात्र कुणी नाही. मला त्यांच्या नाकाची पर्वा नाही. त्यांना आपला वास येतो की नाही, हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न असा की भाकरी चावायचे दात आपल्या माणसाच्या तोंडात किती वर्षं राहतात.

आणि दात साफ करून घेणं ही बड्या लोकांची चैन आहे असं सांगेल त्याला ब्रिजपोर्टची हकीकत सांगा. अमेरिकेतलं हे कारखान्यांचं गाव, काडतुसं आणि शिलाई मशिनं बनवणारं. तिथल्या आल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्यानं १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईला दात साफ करायचं काम शिकवलं. १९१३ साली त्यानं या कामाची शाळाच काढली. तिथं शिकलेल्या बाया गावातल्या सरकारी शाळांत गेल्या आणि पोरांचे दात तिथंच साफ करायला लागल्या. पोरं डॉक्टरकडे गेली नाहीत, सफाई पोरांकडे आली. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्यांच्या कायद्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या छापलेली होती: दात खरवडणारा, साफ करणारा, दातांची निगा शिकवणारा. कागदावर माणूस तयार होता. तुमच्या वस्तीतल्या दवाखान्यात तुम्ही त्याला कधी पाहिलात? मीही नाही.

एक गोष्ट सरळ सांगतो, नाहीतर उद्या कुणी शहाणा आपल्याला खोटं पाडेल. दर सहा महिन्यांनी साफ केलेच पाहिजेत, हा काही दगडावरचा लेख नाही. २०१८ साली कॉक्रेननं याबाबतचे अभ्यास तपासले. हिरड्यांचा मोठा आजार नसलेल्या, नियमित दंतवैद्याकडे जाणाऱ्या माणसांत सहा महिन्यांनी साफ करणं आणि ठरवून न करणं यांत दोन-तीन वर्षांत फारसा फरक दिसला नाही. पण ती माणसं कोण, ते बघा. ते अभ्यास ब्रिटनमधले, आणि माणसं आधीपासून डॉक्टरच्या नजरेखाली असलेली. आपली आई त्यांत नव्हती. जिच्या दातावर वीस वर्षांचं कीटण आहे, जो तंबाखू खातो, ज्याला साखरेचा आजार आहे, त्याचा हिशेब वेगळा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. तेव्हा पहिल्यांदा जाऊन साफ करून घ्या आणि पुढच्या वेळी कधी येऊ ते डॉक्टरलाच विचारा. कुणाला तीन महिने, कुणाला वर्ष.

खुर्चीत बसलात की आणखी एक काम होतं. कुणीतरी दिवा लावून तुमच्या तोंडात बघतं. गालाच्या आतला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, सुपारी-गुटख्यानं आखडत चाललेलं तोंड त्याला दिसतं. तोंडाचा कॅन्सर असाच आधी चट्टा होऊन बसलेला असू शकतो. आता इथंच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर हे पान खाली ठेवा आणि उद्याच जा. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, मिशरीची डबी घरात राहिलीच. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. टपरीवाल्याला विचारा, ती बंदी कुठल्या माळेत लटकवलीय.

जायचं कुठं? मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. शिकणारी पोरं-पोरी साफ करतात, वर शिक्षक बघतात. खाजगीपेक्षा पैसे कितीतरी कमी. पण रांगेत दिवस जातो, रोजंदारीवाल्याचा रोज बुडतो. दात स्वस्तात साफ होतो, खाडा महागात पडतो. म्हणून आपली मागणी नुसती 'जा' एवढ्यावर थांबत नाही. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात दातांची खुर्ची पाहिजे आणि ती संध्याकाळी कामावरनं सुटल्यावर चालू पाहिजे. पालिकेच्या शाळेत पोरांचे दात वर्षातनं एकदा बघितले गेले पाहिजेत, लागतील त्यांचे साफ झाले पाहिजेत. आणि सफाई कामगाराचे दात साफ करून देणं ही त्याच्या मालकाची जबाबदारी, कंत्राटी असला तरी, भरपगारी सुट्टीसकट.

तोवर प्रत्येक पोरानं एक काम करावं. येत्या महिन्यात आपल्या घरातलं एक माणूस, ज्याचं अजून काही दुखत नाही असं, बरोबर घेऊन जावं. आईला न्या. ती म्हणेल, मला काय धाड भरलीय. तरी न्या. माझ्या आईला न्यायला मी उशीर केला. ती आता भाकरी दुधात कुस्करून खाते.

जय भीम.