बसलेली गाय उठते ती सेवेने

गाय व्याली की घरात आनंद असतो. पण कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर गाय खाली बसलेली, मान कुशीकडे वळवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. हाकारले तरी उठत नाही. अशा वेळी काय करावे, हे आज सांगणार आहे. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून औषधाचे थोडे आणि सेवेचे जास्त सांगेन. ही सेवा मी एका आजीबाईंकडून शिकलो.

साल १९९९. मला नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर सकाळी पोहोचलो, तर अंगणात माणसे गोळा झालेली. तिसऱ्या वेताची संकरित गाय आदल्या संध्याकाळी व्याली होती. खरवसाच्या हौसेने कास पार रिकामी केलेली. रात्रभर ती दगडी फरशीवर एकाच कुशीवर बसून होती. गाय सोसायटीच्या कर्जाची, दोनच हप्ते फिटलेले. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे डाग द्या.

डाग द्यायचे मी थांबवले, ते बरे झाले. पण लगेच मीच एक चूक केली. ‘अंगात ताकद नाही, गुळाचे पाणी पाजा,’ असे सांगितले. बाटलीने पाजताना गाय खोकली, नाकातून पाणी आले. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘साहेब, या आजारात गिळायची ताकद जाते. पाजलेले पाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियाने जनावर जाते.’ त्या वेळी दैवाने गाय वाचली. तेव्हापासून प्रत्येक गावात मी हे आधी सांगतो. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला बाटलीने वा नळकांड्याने काहीही पाजू नका. पाणी नको, तेल नको, काढाही नको.

या आजाराला दुग्धज्वर म्हणतात, पण नावाला फसू नका. यात ताप नसतो. उलट अंग गार पडते. गायीच्या सगळ्या रक्तात मिळून चुना, म्हणजे कॅल्शियम, तीनएक ग्रॅम असते. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमहून अधिक निघून जाते. हाडांतला साठा मोकळा व्हायला वेळ लागतो. तोवर स्नायू ढिले पडतात आणि गाय बसते. तिसऱ्या वेतापासून पुढे, भरपूर दूध देणाऱ्या जनावरांत हे जास्त होते. पूर्वी यावर इलाज नव्हता. १८९७ साली डेन्मार्कमधील श्मिट नावाच्या पशुवैद्याने कासेत औषध सोडण्याची रीत काढली. कॅल्शियमची सुई त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. आज ती जवळच्या दवाखान्यात मिळते. मात्र ती डॉक्टरांनीच द्यायची. शिरेतून घाईने गेली तर काळीज बंद पडते.

डॉक्टरांनी सावकाश सलाईन लावले. तासाभरात कान गरम झाले, गायीने शेण टाकले, चाऱ्याला तोंड लावले. पण उठेना. रात्रभर अंगाखाली दबलेल्या पायाचे मांस दुखावले होते. डॉक्टर म्हणाले, ‘माझे काम झाले, आता तुमचे.’

थोरला मुलगा म्हणाला, ‘ही काय आता उठत न्हाई. ऐन सुगीत चार मानसं हिच्यापाशी कशाला आडकवायची?’ तेव्हा आजी बोलल्या, ‘खातीया न्हवं? म्हंजी तिला जगायचंय. मग आपुन का न्हाई म्हनायचं?’

मग त्या घराने काय केले ते लक्षात ठेवा.

पहिले काम, फरशी सोडवली. गोठ्याचे जुने फळ्यांचे दार काढून गाय त्यावर सरकवली आणि लिंबाच्या सावलीत वीतभर जाड मऊ मातीवर नेली. मान किंवा पाय धरून ओढले नाही. वर भुसकट अंथरले. ओले झाले की बदलले.

दुसरे, तिला आडवी पडू दिले नाही. आडव्या जनावराचे पोट फुगते. दोन्ही अंगांना भुसकट भरलेली पोती लावून छातीवर बसती ठेवली.

तिसरे आणि सगळ्यात मोठे, कूस पालटणे. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. मागचा भाग उचलून अंगाखालचा पाय दुसऱ्या बाजूला काढायचा आणि दबलेला पाय चोळायचा. पाण्याची पाळी लावतो तशी त्यांनी कूस पालटायची पाळी लावली. थोरला मुलगा रात्री दोनच्या पाळीला उठत होता.

चौथे, तोंडापाशी स्वच्छ पाणी आणि थोडा थोडा हिरवा चारा. ती आपणहून पिईल तेवढेच. कास रोज धुवून कोरडी ठेवली, म्हणजे काससुजी होत नाही.

पाचवे, तिने उठायची धडपड केली की आधार दिला, पण शेपटी पिरगाळली नाही, मारले नाही. मागचे पाय फाकू नयेत म्हणून दोन्ही पायांत हातभर अंतर ठेवून मऊ दोर बांधला.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पहाटे आजी पाणी द्यायला गेल्या, तर गाय थरथरत उभी. आजींनी हाक मारली नाही की कोणाला उठवले नाही. ती बिचकून पडेल म्हणून पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या. हे त्यांनीच मला पुढच्या फेरीत सांगितले. त्या वेतात दूध कमीच निघाले. पण गाय वाचली आणि कर्ज फिटले.

प्रत्येक गाय उठतेच असे मी म्हणणार नाही. हाड मोडले असेल, अवघड वितीने मागची नस दुखावली असेल, तर दुखणे निराळे. म्हशीत लाल किंवा कॉफीसारखी लघवी आली तर स्फुरद कमी पडले असण्याचा संभव असतो. जनावराने खाणे सोडले, सारखे आडवे पडू लागले, तर डॉक्टरांना पुन्हा बोलवा आणि ते सांगतील ते ऐका. पण डोळे तरतरीत आहेत, चारा खात आहे, तोवर हात आखडू नका.

आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून व्याल्यावर पहिले एक-दोन दिवस जास्त दुधाच्या गायीची कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला पोटभर चीक लवकरात लवकर पाजा, खरवस नंतर. व्यायला झालेल्या जनावराला फरशीवर बांधू नका. ती रात्र कोणीतरी जागून काढा. चाल लटपटली, कान गार लागले, की सकाळची वाट न पाहता दवाखान्यात निरोप धाडा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

औषध तासाभराचे असते. त्यापुढचे दिवस आणि रात्री घराच्या हाती असतात. लळा सगळ्यांनाच असतो. त्याला पाळी लावा.