बायोडाटातून चळवळ का खोडायची?

परवा वस्तीतला एक मुलगा बायोडाटा घेऊन माझ्याकडे आला. बी.कॉम., प्रथम श्रेणी. विहारातली अभ्यासिका चार वर्षे त्याने सांभाळली, जयंती समितीचा जमाखर्च पै-पैशासह चोख ठेवला. बायोडाटात मात्र त्यातले एक अक्षर नाही. विचारले तर म्हणाला, "वकीलसाहेब, जयंती शब्द वाचला की ते आपल्याला ओळखतात. मग फोन येत नाही."

त्याची भीती खोटी नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी पाठवून पाहिले. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला तर एक तृतीयांशच निघाली. आमच्या गुणवत्तेवर शंका घेणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. या अर्जांत जयंती नव्हती, फक्त नाव होते. मग जयंती खोडून काय साधणार? आडनाव कुठे खोडणार?

सरकारी नोकरीत संविधान पाठीशी आहे. संघ-जनसंघाच्या कामात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून मध्य प्रदेशात एका शिक्षकाची नोकरी गेली होती. अशा कारणावरून नोकरी नाकारता येत नाही, असे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्यांच्याशी आपला वैचारिक झगडा, त्यांना मिळालेले हे संरक्षण आपलेही आहे. मात्र पडताळणी फॉर्ममध्ये आंदोलनातले गुन्हे विचारले तर लपवू नका. न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार जाणूनबुजून केलेली लपवाछपवी नेमणुकीवर उलटू शकते.

खरा प्रश्न खाजगी क्षेत्राचा आहे. कलम १६ तिथे पोचत नाही. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खाजगी आस्थापनांनाही भेदभावाची मनाई करतो. मग जातीवरून अर्ज कचऱ्यात टाकणाऱ्या मालकासाठी तसाच सरळ कायदा का नाही? नोकऱ्या तिकडे वळल्या, आरक्षण इकडेच राहिले. ही मागणी आता प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी.

तोवर आपल्या मुलांनी काय करावे? घरात चूल पेटायची असेल आणि कोणी ती ओळ वगळली, तर त्याला समाजद्रोही म्हणू नका. पण लिहिणार असाल तर नुसते "सामाजिक कार्याची आवड" असे लिहू नका, काम लिहा. किती पुस्तके सांभाळली, किती वर्गणीचा हिशेब दिला, किती मुलांना शिकविले. चळवळ ही आपली शाळा आहे, तिथली शिकवण हीसुद्धा पात्रताच आहे.

त्या मुलाने माझ्याच टेबलावर बसून ती ओळ लिहिली. फोन येईल की नाही, सांगता येत नाही. पण न आल्यास लाज त्याने का बाळगावी? ती नाकारणाऱ्याची आहे.

जयभीम!