बोलण्याची तालीम गावोगाव सुरू करा



आटपाडी तालुक्यातल्या एका गावी पाण्याची बैठक होती. आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो होतो. पुढे खुर्च्यांवर अधिकारी, त्यांच्या शेजारी गावातली नेहमीची चार माणसे. साहेबांनी विचारले, "पाणी सगळ्यांना मिळते ना?" पुढच्या चौघांपैकी एकाने उठून सांगितले, "मिळते." आमच्या शेजारी पोटचारीच्या शेवटाला जमीन असलेला शेतकरी बसला होता. गेल्या दोन आवर्तनांत त्याच्या शेतात पाण्याचा थेंब आला नव्हता. कोणत्या दिवशी पाणी सुटले, कोठे फुटले, कोणी अडवले, सारे त्याला तोंडपाठ. पण तो उठला नाही. बैठक संपली, कागदावर "तक्रार नाही" असे लिहिले गेले. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मात्र त्याने अर्धा तास असे काही भाषण केले की आम्ही ऐकत राहिलो.

जे टपरीवर बोलता येते ते बैठकीत का बोलता येत नाही? या लेखात आम्हाला एवढ्याच प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. कारण असे न बोललेले शब्द पुढे आपल्याच शेतात दुष्काळ होऊन उभे राहतात.

मुके राहणे हा आपला स्वभाव नव्हे

माणदेशी माणूस मुळातच बुजरा, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. आटपाडी हा औंध संस्थानातला तालुका. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला. गावाने निवडलेली पंचायत, पंचायतींमधून तालुका समिती आणि तालुक्यांतून वरचे विधिमंडळ, अशी ती रचना होती. गावातले तंटे गावातच, सगळ्यांसमोर बोलून मिटवायचे होते. देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षे आधी आपल्या आजा-पणजांच्या हाती हा कारभार आला होता. तो कारभार मुक्या माणसांनी केला काय?

याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. सरकारी निरोप गावोगाव पोचवणे, हे ज्या घरच्या तराळकीचे काम, त्या घरातला हा मुलगा. दुसऱ्याचा निरोप सांगत फिरणाऱ्या घराण्यातला हा माणूस स्वतःचे म्हणणे मांडायला शिकला, लेखक झाला आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते बोलणे कोणी त्यांना ताटात वाढून दिले नव्हते.

आणि १९९३ पासूनची आटपाडीची दुष्काळी पाणी परिषद तर आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर बोलायला उभे राहिले की दुष्काळी तालुक्यांतून आलेला शेतकरी कान देऊन ऐकत असे. समन्यायी पाणीवाटपाची मागणी तेथे वर्षानुवर्षे मांडली गेली. कराडजवळ टेंभूला उचललेले कृष्णेचे पाणी आज टप्पे चढत माणदेशात येते, त्यामागे या बोलण्याचा मोठा वाटा आहे.

पण अण्णा गेल्यावर कोण बोलणार?

येथे आम्हाला आपल्याच चळवळीचा दोष सांगितला पाहिजे. आपण मोठे वक्ते ऐकले, टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. आपण चांगले ऐकणारे झालो, बोलणारे झालो नाही. नागनाथअण्णा २०१२ साली गेले. गणपतराव २०२१ साली गेले. कालवा आला, पण त्या कालव्याच्या प्रत्येक दारावर बोलायला अण्णा येणार नाहीत. पूर्वीची मागणी एक होती, पाणी आणा. ती एका माणसाने लाखांच्या वतीने मांडली तरी चालत होते. आताचे प्रश्न गावागणिक आणि चारीगणिक वेगळे आहेत. पाणी वापर संस्थेची सभा, ग्रामसभा, पंचनामा, बाजार समितीतले कापसाचे वजन आणि प्रत, या प्रत्येक ठिकाणी त्या गावचाच माणूस उभा राहिला पाहिजे. ज्या गावात एकच जण बोलतो, त्या गावाला गप्प करायला एकाच माणसाला फोडले की पुरते.

आमची फजिती

बोलणे शिकता येते, हे आम्ही स्वतःच्या फजितीवरून सांगतो. कृषी पदवी घेऊन आम्ही पहिल्यांदा एका गावात पारावर बोलायला उभे राहिलो, विषय ज्वारीची बीजप्रक्रिया. चाळीस मिनिटे बोललो. बुरशीची लॅटिन नावे सांगितली, तक्ते दाखवले. शेवटी एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, काणी येऊ नये म्हणून बियाला काय लावायचं आणि किती, तेवढं सांगा." किलोला चार ग्रॅम गंधक, हे एक वाक्य आम्ही चाळीस मिनिटांत सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही शिकलो ते कॉलेजने शिकवले नव्हते. समोरच्याला हवे ते आधी सांगावे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी १९२४ साली राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने साध्या माणसांना बोलायला शिकवणारे मंडळ काढले. त्याचे नाव टोस्टमास्टर्स. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतली मुले फी भरून अशा मंडळांत जातात. तेथे प्रत्येकाला पाळीपाळीने उभे करतात, घड्याळ लावतात, चूक सांगतात आणि पुन्हा उभे करतात. यात आपल्याला नवे काय? तालमीत वस्ताद हेच करतो. पोरगा पहिल्या दिवशी चितपट होतो म्हणून त्याला कोणी घरी पाठवत नाही.

तालीम कशी चालवावी

दहा-पंधरा जण पुरेत. समाजमंदिर, शाळेची पडवी, कोणतीही जागा चालेल. आठवड्यातला एक वार ठरवा आणि सुगीतही तो मोडू नका. एक तासाच्या वर बसू नका.

प्रत्येक बैठकीत तिघांनी पाच-पाच मिनिटे बोलावे. एकाने घड्याळ पाहावे आणि वेळ संपताच थाळी वाजवावी, बोलणारा कितीही मोठा असो. एकाने नुसते मोजावे की "म्हणजे" आणि "आपलं ते" किती वेळा आले. प्रत्येक भाषणानंतर एकाने आधी काय चांगले झाले ते सांगावे, मग सुधारायची एकच गोष्ट सांगावी. हसायला बंदी.

मग चिठ्ठ्या काढाव्यात. "डीपी जळून आठ दिवस झाले, साहेबांना काय सांगाल?" "व्यापारी कापूस ओला आहे म्हणून भाव पाडतो, काय म्हणाल?" चिठ्ठी उघडली की लगेच उभे राहून एक मिनिट बोलायचे.

अध्यक्ष दर वेळी नवा असावा. सभा वेळेवर सुरू करणे, वाद आवरणे, गप्प बसलेल्याला बोलते करणे, ठराव नीट शब्दांत लिहून सूचक-अनुमोदकाची नावे घालणे, याचेच नाव पुढारीपण. ते हारतुऱ्यांनी येत नाही, पाळी आल्याने येते.

आणि एक गोष्ट घोकून घ्या. आधी मागणी, मग पुरावा, शेवटी तारीख. "आमच्या चारीच्या शेवटच्या सहा शेतकऱ्यांना पाणी द्या. गेल्या दोन आवर्तनांत ते आले नाही, ही तारखांची वही. पुढच्या आवर्तनाआधी दार कोण दुरुस्त करणार, ते आज लिहून द्या." एवढ्या तीन वाक्यांवर "तक्रार नाही" असे कोणालाही लिहिता येणार नाही.

बायकांची पाळी पहिली

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. पण कित्येक गावांत सही बाईंची आणि बोलणे त्यांच्या मालकांचे. पिण्याचे पाणी किती लांबून आणावे लागते, कापूस वेचणीला हात किती लागतात, हे ज्यांना ठाऊक, त्यांनाच बोलू न देणे हा आपलाच तोटा आहे. तालमीत पहिली पाळी बायकांची ठेवा. घरचा पुरुष मध्ये बोलला तर थाळी वाजवा.

कोणी म्हणेल, बोलून पोट भरते काय? बोलके तेवढे पुढारी होतात आणि मुंबईला पळतात. खरे आहे. गावात एकच बोलका असतो म्हणूनच त्याला भाव येतो. पंधरा बोलके झाले की त्यातला एक पळाला तरी चौदा उरतात, आणि पळणाऱ्याला जाब विचारणारेही तेच असतात. बोलणाऱ्याची बोरे विकतात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, हे आपल्या वाडवडिलांनी बाजारातच पाहिले होते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, वर्षातून निदान चार वेळा ग्रामसभेची चटई अंथरली जाते. पुढच्या ग्रामसभेला किती आठवडे उरले ते मोजा आणि तेवढ्या तालमी घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने दोन माणसे आणावीत, ज्यांनी आजवर माईक हातात धरलेला नाही अशी. पहिला तास त्यांचा. आम्ही कार्यकर्ते त्या वेळी मागे भिंतीला टेकून बसू आणि ऐकू.