दूरचं दुःख, आपली चाल

टीव्हीवर युद्ध दिसतं, आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि कुकरची शिट्टी झाली की उठतो. दूरच्या घटनेशी आपलं नातं एवढंच का, मैत्रिणींनो?

१९४३ मध्ये अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. रशियातलं ते शहर त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकणाऱ्या कामगारांनीही नाही. पण चाल ओळखीची, म्हणून लढाईही ओळखीची झाली. पुढच्याच वर्षी अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं आणि तमाशाचं लोकनाट्य झालं. गणेशवंदनेच्या जागी मायभूमीला, कष्टकऱ्यांना वंदन आलं. केवढा धाडसी प्रयोग!

आम्हा पालघर-बोईसरकरांना याची जास्तच गरज. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना घडली. तिथल्या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच जातीच्या. म्हणजे जपान लांब, पण प्रश्न शेजारचा : भोंगा वाजला तर मुलं, म्हातारी माणसं घेऊन जायचं कुठे? माहितीपत्रकातलं विसरतं, गाण्यातलं राहतं.

आपल्याकडे ढोलकी आहे, वारली पाड्यांवर तारपा आहे. यंदा हळदीकुंकवाला वाणाबरोबर असा एक प्रयोग का होऊ नये? घाबरवायला नव्हे, विचारायला!