कपात कुठे करायची, हे त्यांनाही ठरवू द्या

कॉक्स बाजारमधील मदतसंस्थांच्या प्रमुखांना,



मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बांगलादेशच्या निर्वासित आयुक्तांकडे जागतिक अन्न कार्यक्रमाचं एक पत्र पोचलं. पैसे आले नाहीत, तर १ एप्रिलपासून रोहिंग्यांच्या रेशनसाठी माणशी महिना साडेबारा डॉलरऐवजी सहाच डॉलर देता येतील, असं त्यात होतं. रमजानचे दिवस होते. त्याच महिन्याच्या १४ तारखेला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस उखियाच्या छावणीत आले. बांगलादेशचे तेव्हाचे मुख्य सल्लागार मुहम्मद युनूस यांच्यासह त्यांनी हजारो निर्वासितांसोबत इफ्तार केला. महिनाअखेरीला मोठी कपात टळली. कॉक्स बाजारमध्ये बारा आणि भासान चर बेटावर तेरा डॉलर, असा आकडा ठरला. बारा डॉलर म्हणजे दिवसाला पस्तीसेक रुपये, आणि त्यातच तांदूळ, डाळ, तेल, सगळं आलं. हा मोठा दिलासा होता हे खरं. पण त्या तीन आठवड्यांत दहा लाखांवर माणसांच्या ताटाचा हिशेब रोम, वॉशिंग्टन आणि ढाक्यात चालला होता, आणि ज्यांचं ताट होतं ते नुसती बातमीची वाट पाहत होते.

हे पत्र त्या वाट पाहण्याबद्दल आहे.

मी महाराष्ट्रातून मराठीत लिहिते आहे. तुमच्यासारख्या संस्थांमधून आज आमच्याकडची पुष्कळ मुलंमुली काम करतात. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या हाताखाली असेल, तर हे पत्र त्याने किंवा तिने तुम्हाला वाचून दाखवावं, अशी विनंती आहे.

तुमच्या कामाची किंमत मला कळते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने राखाईन प्रांतातली रोहिंग्यांची गावं जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांवर माणसं नाफ नदी आणि शेतांचे बांध ओलांडून आली. उखिया आणि टेकनाफच्या टेकड्या बघता बघता बांबू आणि ताडपत्रीने झाकून गेल्या. एवढी गर्दी, तिला पुरेसं पाणी नाही, संडास नाहीत. अशा ठिकाणी पटकीची मोठी साथ सहज भडकली असती. ती भडकली नाही, कारण बांगलादेश सरकारने आणि तुम्ही मिळून त्याच ऑक्टोबरमध्ये लाखो लोकांना लस पाजली. पुढच्या वर्षी सरपणाऐवजी गॅसच्या टाक्या द्यायला सुरुवात झाली. बायकांना लाकडासाठी रानात जाण्याचा धोका कमी झाला आणि बोडक्या टेकड्यांवर पुन्हा हिरवळ धरली. हे सगळं तुम्ही केलंत. म्हणूनच तुमच्याकडून आणखी काही मागायचा धीर होतो.

पैसा आटतो आहे आणि तो लवकर परत येईल अशी लक्षणं नाहीत. २०२५-२६ च्या संयुक्त आराखड्यात तुम्ही रोहिंगे आणि आसपासचे बांगलादेशी मिळून सुमारे १४ लाख ८० हजार लोकांसाठी ९३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मागितली. सगळ्यांत मोठा वाटा उचलणाऱ्या अमेरिकेनेच हात आखडता घेतला. त्यात २०२४ पासून राखाईनमधल्या लढाईमुळे आणखी दीड लाखाच्या आसपास माणसं येऊन दाटीवाटीने राहिली आहेत. तेव्हा कपात होणार. प्रश्न एवढाच, की आधी काय कापायचं हे कोण ठरवणार?

आजवर ते तुम्ही ठरवत आला आहात. अन्न, निवारा, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्रत्येक विभागाची समन्वय बैठक होते, आराखड्याचे तक्ते भरले जातात, देणगीदारांच्या अटी त्यात बसवल्या जातात आणि ते जिनिव्हाला जातं. निर्वासितांशी तुम्ही बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. गटचर्चा होतात, तक्रारपेट्या आहेत, तक्रारींसाठी फोन नंबर आहेत. पण त्यांचं म्हणणं ‘माहिती’ म्हणून जमा होतं. निर्णयाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची नसते.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २०२३ साली रेशन मार्चमध्ये बारा डॉलरवरून दहावर आणि जूनमध्ये आठवर आलं. वर्षअखेरीला छावण्यांतल्या मुलांचं तीव्र कुपोषण पंधरा टक्क्यांच्या वर गेलं. ही आणीबाणीची पातळी मानली जाते, आणि २०१७ नंतर एवढा आकडा कधी नव्हता. पैसे नव्हते हे मान्य. पण कपात अटळच असेल, तर निदान धान्याला हात लावण्याआधी दुसरं काय सोडता येईल, हे त्या मुलांच्या आयांनी सांगितलं असतं. कोणतं प्रशिक्षण कुणाच्याच कामाचं नाही, कुठल्या दोन संस्था एकाच गल्लीत एकाच विषयाची सत्रं घेतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शाळांचंही तेच झालं. जून २०२५ मध्ये निधीअभावी लहान वर्गांना शिकवणाऱ्या हजाराहून अधिक स्थानिक बांगलादेशी शिक्षकांची नोकरी गेली. ते रस्त्यावर उतरले, आणि शिक्षण केंद्रं बंद ठेवावी लागल्याने लाखो मुलं घरी बसली. स्थानिक शिक्षकांचा संताप मला समजतो. उखिया आणि टेकनाफमध्ये आज मूळ रहिवासीच अल्पसंख्य झाले आहेत, त्यांचे मजुरीचे दर पडले, त्यांची वनं गेली, आणि मदतसंस्थेतली नोकरी एवढीच काय ती भरपाई त्यांच्या मुलांच्या पदरात पडली होती. पण त्याच छावण्यांत रोहिंगे शिक्षक बांबूच्या खोल्यांत, पालकांनी जमवलेल्या वर्गणीवर वरच्या इयत्ता शिकवत आलेले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने अशा शाळांवर बंदी घातली तेव्हा तुमच्यापैकी फार थोडे उघडपणे बोलले. त्या शाळांना तेव्हाच मान्यता मिळवून दिली असती, तर निधी आटला म्हणून सगळंच एकदम बंद पडलं नसतं.

इथे १९७१ ची एक गोष्ट सांगायलाच हवी. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती. त्यांच्यासाठी आमच्या टपालावरही पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात पटकीचे रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. शिकलेली नर्सच हवी, हा नियम त्यांनी बाजूला ठेवला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. आज जगभर जुलाबावर दिलं जाणारं क्षार-साखरेचं पाणी त्या दिवसांत निर्वासित आया-बापांच्या हातून सिद्ध झालं. तिथे औषध कमी पडलं तेव्हा अधिकार वाटला गेला आणि माणसं वाचली.

तुमच्या शेजारच्या कार्यालयातल्या ब्रॅक या संस्थेचा जन्मही तसाच. १९७२ साली फजले हसन आबेद यांनी सुल्ला भागात भारतातून परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केलं, आणि ब्रॅक आज जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक आहे. बांगलादेश हा देशच निर्वासितांनी उभा केलेला आहे. तिथे बसून तुम्ही निर्वासितांना केवळ ‘लाभार्थी’ कसे म्हणू शकता?

रोहिंग्यांना हे झेपणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने छावणीचा इतिहास बघावा. रोहिंग्यांचे नेते मोहिब उल्लाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडीझोपडीत फिरून मारल्या गेलेल्यांच्या याद्या केल्या, त्याही हाताने, वह्यांत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या ओळखपत्रांवर ‘रोहिंग्या’ हा शब्द नाही आणि आपली माहिती म्यानमारला जाईल या भीतीने लोकांनी शांततेने संप केला. त्यांची भीती पोकळ नव्हती. ती माहिती म्यानमारला दिली गेल्याचं मानवी हक्क संघटनांनी २०२१ मध्ये पुढे आणलं. मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळ आलं, तेव्हा हजारो रोहिंगे स्वयंसेवकांनी इशाऱ्याचे झेंडे लावले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उतारावरच्या झोपड्यांतून हलवलं. तुमच्या कागदांत ही माणसं ‘स्वयंसेवक’ असतात, कारण त्यांना नोकरी द्यायला परवानगी नाही. पण निर्णयात तरी त्यांना स्वयंसेवकापेक्षा मोठी जागा द्यायला कोणती परवानगी लागते?

अडचणी आहेत, आणि त्या मी टाळणार नाही. छावणीतले गटप्रमुख, ज्यांना तिथे ‘माझी’ म्हणतात, ते बहुतेक नेमलेले आहेत, निवडलेले नाहीत, आणि त्यांच्याविरुद्ध पैसे उकळल्याच्या तक्रारी आहेत. सशस्त्र टोळ्या आहेत. मोहिब उल्लाह यांना २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री त्यांच्याच कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या. पुढे येणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका आहे, हे मी विसरलेले नाही. म्हणून एकाच नेत्याच्या गळ्यात माळ घालू नका. प्रत्येक छावणीतून थोडे थोडे, दर काही महिन्यांनी बदलणारे, त्यांत निम्म्या बायका, अशी बैठक भरवा. शालबागानच्या छावणीत २०१८ मध्ये प्रतिनिधींची निवडणूक झाली होती आणि बायकाही निवडून आल्या होत्या. म्हणजे जमतं. ते सगळीकडे नेलं गेलं नाही, एवढंच.

किल्लारीच्या भूकंपानंतर मी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडच्या गावांत काम केलं आहे. तिथे वरून ठरवण्याचे आणि लोकांना ठरवू देण्याचे, असे दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. काही पुनर्वसित गावं शहरातल्या नकाशावरून उठवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी घरं, जनावरांना जागा नाही, शेत लांब. लोक तिथे राहायला गेले, पण मन लागायला वर्षं गेली. याउलट घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावच्याच बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. त्या घरोघर जात, सिमेंटच्या गोण्या मोजत, अनुदानाचा हप्ता का अडला हे तालुक्याला जाऊन विचारत. ज्यांनी कधी सरपंचासमोर तोंड उघडलं नव्हतं, त्या इंजिनियरला भिंतीत लोखंडी पट्टी कुठे हवी हे सांगू लागल्या. मदतीचा पैसा तोच होता. तो कुणाच्या नजरेखाली खर्च होतो, यावर गावाचं पुढचं सगळं अवलंबून राहिलं.

ढाका सरकार मान्य करणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बांगलादेशने जे केलं ते पुष्कळ श्रीमंत देशांनी केलं नसतं आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण नऊ वर्षांत कामाची मनाई, काटेरी कुंपण आणि अर्धवट शाळा यांतून काय निघालं हे तुम्ही रोज बघता. मार्च २०२१ च्या बालुखाली छावणीतल्या आगीत पळणाऱ्यांना त्या कुंपणाने अडवलं. कामाची संधी नाही म्हणून तरुण पोरं मलेशियाच्या वाटेने होड्यांत बसतात आणि समुद्रात बुडतात. छावणीत रोहिंग्यांना कमावता आलं, तर आटणाऱ्या रेशनचा भार तुमच्यावरही कमी येईल. हे तुम्ही बंद खोलीत मंत्र्यांना सांगत असाल. आता ते एकत्र, सगळ्या संस्थांनी सही करून सांगायला हवं. एकट्या संस्थेला परवाना जाण्याची भीती असते, सगळ्यांना मिळून ती कमी असते.

स्थानिक बांगलादेशी संस्थांना थेट पैसा देण्याचं वचनही आहेच. २०१६ साली इस्तंबूलला एक चतुर्थांश निधी शक्य तितक्या थेट स्थानिकांकडे नेण्याचं ठरलं होतं आणि २०२० ची मुदत होती. ती उलटून गेली. कॉक्स बाजारच्या संस्थांना अजून तुमचे उपकंत्राटदार म्हणून राबावं लागतं. त्यांचे पगार तुमच्या कार्यालयाच्या भाड्याआधी कापले जातात. कपात करायचीच असेल तर तिची सुरुवात कुठून व्हावी, याचं उत्तर तुमच्या ताळेबंदात आहे. तो छापा. गाड्यांवर किती, परदेशी तज्ज्ञांवर किती, मुख्यालयाच्या वाट्याला किती आणि झोपडीपर्यंत किती, हे रोहिंग्यांना त्यांच्या बोलीत ऐकवा. त्यांच्यातले बरेच जण वाचू शकत नाहीत, पण हिशेब त्यांना चांगला कळतो.

येत्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होईल तेव्हा पहिली बैठक हॉटेलात घेऊ नका. ती कुतुपालोंगच्या छावणीत घ्या, रोहिंग्या भाषेत घ्या, दुभाषी तुमच्यासाठी ठेवा. उखियाच्या शेतकऱ्यांना आणि नोकरी गेलेल्या शिक्षकांनाही बोलवा. कपातीची यादी भरून नेऊ नका, कोरी घेऊन जा, आणि ती त्यांच्यासमोर, त्यांच्या मताने भरून मगच जिनिव्हाला पाठवा.